एक्स-रेला पाठवण्याआधी एक कास्टिंग (ओतीव नग) कापून बघा

तुमची अडचण अशी: ३५ मिमी जाडीची स्टीलची व्हॉल्व्ह बॉडी, बाहेरून स्वच्छ, पण मशीनिंगला फ्लँजच्या (जोडणीच्या रुंद कडेच्या) मुळाशी भोकं उघडी पडतात. दोन नग हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) तड्यातून गळले. आता सगळा लॉट एक्स-रे करायचा विचार आहे.

भोकं सापडतील, तडे सापडतीलच असं नाही. किरणाच्या वाटेत धातू किती आला, एवढंच फिल्मला कळतं. पोकळी असेल तिथे धातू कमी, म्हणून फिल्म जास्त काळी. ३५ मिमीत १ मिमीची पोकळी म्हणजे जेमतेम ३ टक्के फरक, तोही चांगल्या फिल्मवर दिसतो. पण तडा किरणाला आडवा पसरला असेल तर वाटेतला धातू नावालाच कमी होतो आणि फिल्म बिनडागी येते. पृष्ठभागावरच्या तड्यांना मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोहकणांची तपासणी) आणि आतल्यांना अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची तपासणी) लावा.

भोकांचं म्हणाल तर जागा ऐकूनच श्रिंकेजचा (गोठताना धातू आकसून पडणाऱ्या पोकळीचा) संशय येतो. फ्लँज आणि बॉडी जुळतात तिथे धातू सगळ्यात शेवटी गोठतो आणि फीडरकडून (वितळलेला धातू पुरवणाऱ्या साठ्याकडून) पुरवठा तुटला की आत स्पंजासारखं होतं. फिल्मवर ते पिसासारखं, फांद्या फुटल्यासारखं दिसतं. गॅसचं भोक गोल, गुळगुळीत कडेचं. हा फरक महत्त्वाचा, कारण श्रिंकेज असेल तर फीडर आणि चिल (धातू लवकर गोठवणारे तुकडे) बघायचे, गॅस असेल तर साच्याच्या वाळूचा ओलावा, व्हेंट (गॅस बाहेर जायच्या वाटा) आणि डीऑक्सिडेशन (वितळलेल्या स्टीलमधला ऑक्सिजन काढणं). म्हणून आधी एक नाकारलेला नग बँडसॉवर त्याच जागी कापा. मेथडिंग (फीडर, चिल, व्हेंटची आखणी) सुधारा, मग नव्या सॅम्पलचे एक्स-रे काढा. रोजच्या उत्पादनात प्रत्येक नगाच्या एक्स-रेचा खर्च ग्राहकाने मागितला तरच करा.

आणि दोषांची कोणती लेव्हल (तीव्रतेची पातळी) चालेल ते ग्राहकाला विचारून घ्या. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) नुसतं ‘आरटी ओके’ (रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे तपासणी, ठीक) लिहिलं असेल तर भांडण ठरलेलं. ५१ मिमीपर्यंतच्या स्टील कास्टिंगला एएसटीएम ई४४६ या मानकाच्या संदर्भ फिल्म आहेत. त्यात गॅस, वाळू-स्लॅग आणि श्रिंकेज वेगवेगळे आणि प्रत्येकाच्या १ ते ५ लेव्हल.

एक्स-रे काढणारी एजन्सी बहुधा इरिडियम-१९२ या किरणोत्सारी सोर्सचा कॅमेरा आणेल. ३५ मिमीला चालतो, पण एक्स-रे ट्यूबइतका कॉन्ट्रास्ट मिळत नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस, तेवढ्यात त्याची ताकद निम्मी होते, म्हणजे अडीच महिन्यांत तेवढ्याच शॉटला दुप्पट वेळ. सोर्स म्हातारा आणि ऑपरेटर घाईत असला की फिल्म फिकी येते. डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) २ च्या खाली असेल किंवा पेनिट्रामीटरची (फिल्मची गुणवत्ता तपासायला ठेवलेल्या तारांच्या पट्टीची) ठरलेली तार दिसत नसेल, तर ती फिल्म परत करा. शॉट चालू असताना किरणांच्या धोक्यासाठी बांधलेल्या दोरीच्या आत कोणी जाऊ नये, मालकसुद्धा.

एकदा फिल्मवरची काळी चंद्रकोर बघून आम्ही चांगलं कास्टिंग गाऊज करून (धातू वितळवून खणून) उकरलं. आत काहीच नव्हतं. फिल्म हाताळताना मुडपली होती, त्याची ती नखासारखी खूण! तेव्हापासून महत्त्वाच्या शॉटला कॅसेटमध्ये (फिल्मच्या पाकिटात) दोन फिल्म घालायला सांगतो. दोष खरा असेल तर दोन्हींवर एकाच जागी येतो. तो किती खोल आहे हे मात्र एका शॉटवरून कळत नाही, उकरण्याआधी अल्ट्रासॉनिकने खोली बघून घ्या, नाहीतर चुकीच्या बाजूने सुरुवात कराल.

कापलेल्या तुकड्याचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.