धण्याला युरिया किती आणि कधीपर्यंत?

प्रश्न (गुहागर तालुका): भातकापणीनंतर खाचरात पाच गुंठे धणे केले. तीन वेळा युरिया दिला. झाडं हिरवीगार झाली, पण फुलं उशिरा आली, बरीच झाडं लोळली, दाणा पोचट निघाला. बियाणंच खराब होतं का?

उत्तर: बियाण्याचा दोष दिसत नाही. कोथिंबिरीची जुडी विकायची असेल तर युरियातल्या नत्राने (नायट्रोजनने) पाला वाढतो आणि ते फायद्याचंच. दाणा घ्यायचा असेल तर तोच नत्र अंगावर येतो. झाड नवे फुटवे काढत राहतं, फुलोरा लांबतो, कोवळ्या दाट पाल्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आणि भुरी (पांढरी बुरशी) चढते. त्यात आपल्याकडे थंडी थोडे दिवस. फुलोरा पंधरवडाभर जरी लांबला तरी दाणा भरण्याची वेळ फेब्रुवारीअखेरच्या उन्हात सापडते. तुमचा दाणा तिथे पोचट झाला असावा.

सिंचनाच्या धण्याला सर्वसाधारणपणे हेक्टरी 60 किलो नत्र, 40 स्फुरद (फॉस्फरस), 20 पालाश (पोटॅश) पुरतं. पाच गुंठ्यांना म्हणजे युरिया 6.5 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 12.5 किलो, म्युरेट ऑफ पोटॅश पावणेदोन किलो. माती परीक्षण केलं असेल तर त्या अहवालाप्रमाणे बदल करा. अर्धा युरिया पेरताना, उरलेला महिन्याभराने वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असताना. कळी दिसली की युरियाची पिशवी बांधून ठेवा.

स्फुरद मात्र फोकून देऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. जांभ्याच्या आंबट मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, मुळाला फार थोडं मिळतं. सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत, बियाच्या थोडं खाली द्या. रोप खुजं राहून जुनी पानं जांभळट दिसली तर स्फुरद कमी पडतंय असं समजा. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळतं, ते डीएपी या दुसऱ्या स्फुरदाच्या खतातून मिळत नाही. मातीचा आंबटपणा कमी करायला चुना घालायचा असेल तर पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी. खतात मिसळून कधीच नको.

प्रश्न (संगमेश्वर तालुका): मेथीदाण्याला हीच मात्रा चालेल का?

उत्तर: नाही, ताई. मेथी शेंगवर्गीय आहे. हेक्टरी 20 ते 25 किलो नत्र सुरुवातीला पुरे. बियाला रायझोबियम (मुळावर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) चोळा. महिन्याभराने एक रोप मातीसकट अलगद उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी असेल तर नत्र तयार होतोय, वरून युरिया देऊ नका.