अमेरिकेच्या लोकशाहीची मुळं 1787च्या संविधानात आहेत की त्याआधीची?

त्याआधीची, आणि बरीच आधीची. फिलाडेल्फियात संविधान म्हणून जे कागदावर आलं, त्याचा सराव अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत दीडशेहून जास्त वर्षं चालला होता. व्हर्जिनियाची पहिली निवडलेली सभा 1619 मध्ये जेम्सटाउनला भरली. (त्याच वर्षी व्हर्जिनियात आफ्रिकी गुलामही आणले गेले, हे विसरू नये.)

खरी ताकद पैशात होती. बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजा नेमायचा, पण त्याचा पगार सभा मंजूर करायची. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने तर कायमचा पगार बांधून द्यायला साफ नकार दिला. दरवर्षी मंजुरी, म्हणजे दरवर्षी लगाम हातात. महसुलाचं विधेयक आधी प्रतिनिधिगृहातच (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातच) मांडायचं, हा आजचा नियम याच परंपरेतला, मूळ ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सचा.

स्वातंत्र्यानंतरची पहिली घडी, म्हणजे 1781ची ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ (राज्यसंघाची कलमं), फसली तीही पैशावरूनच. काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या सामायिक संसदेला, कर लावायचा अधिकार नव्हता आणि ही कलमं बदलायला तेराही राज्यांची संमती लागे. आयातीवर 5 टक्के जकातीचा प्रस्ताव ऱ्होड आयलंड या एका राज्याच्या नकाराने 1782 मध्ये बारगळला. म्हणून नव्या संविधानात काँग्रेसला करांचा अधिकार मिळाला आणि दुरुस्तीला तीन-चतुर्थांश राज्यं पुरेशी ठरली.