डावा कोपरा सोडावा की थांबवावा?

भाऊ, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. पोराला सोडा. बदल्यात देऊ केलेला रेडर, म्हणजे चढाई करणारा खेळाडू, घेऊ नका. आणि त्याला थांबवायला जी वर्गणी काढताय ती काढाच, फक्त ती दुसऱ्या पोरावर खर्च करा.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गंगाखेड तालुक्यातलं एक कबड्डी मंडळ आहे. त्यांचा बावीस वर्षांचा डावा कोपरा, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभा राहणारा पोरगा, छत्रपती संभाजीनगरच्या एका संघानं मागितलाय. राहायची सोय, महिन्याला मानधन, मॅटवर रोज सराव. मंडळाला बदल्यात एक रेडर, तोही यात्रांच्या स्पर्धांपुरता. मंडळात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, त्याला सोडायच्या कागदावर मंडळानं सही द्यायची नाही. दुसरा म्हणतो, गावातून वर्गणी करून त्याला इथंच मानधन देऊ. मागं पर्याय म्हणून एक एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, पण त्याचं घर दरवर्षी ऊसतोडीला जातं आणि तोही जातो.

इथं बऱ्याच जणांनी लिहिलंय की कोपरा गेला की संघ बसतो. प्रो कबड्डीत, त्या व्यावसायिक लीगमध्ये, काय झालं ते बघा. इराणचा मोहम्मदरेझा शादलू खेळाडूंच्या लिलावात अष्टपैलू म्हणून येतो, पण त्याची खरी कमाई डाव्या कोपऱ्यातली. पाटणा पायरेट्सनं त्याला सोडलं, पुणेरी पलटणनं २.३५ कोटींना घेतलं. खेळाडू घ्यायला संघाची सगळी थैली पाच कोटींची, म्हणजे जवळपास अर्धी एका माणसावर. त्या हंगामात त्यानं ९९ पकडगुण मिळवले आणि १ मार्च २०२४ ला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या लिलावाआधी पलटणनंच त्याला सोडलं. हरियाणानं २.०७ कोटी मोजले आणि डिसेंबर २०२४ मध्ये बालेवाडीत पाटण्याला ३२-२३ हरवून तेही पहिल्यांदा विजेते झाले. तिथून तो २.२३ कोटींना गुजरातकडं गेला. गुजरातला मात्र विजेतेपद मिळालं नाही.

गुजरात सोडलं तर एवढं वाचून कुणीही म्हणेल, जिथं शादलू तिथं करंडक. पण ज्यांनी सोडलं त्यांचं काय झालं तेही बघा ना. पाटणा त्याच्याशिवाय पुढच्याच हंगामात उपांत्य फेरीत होता आणि त्याच्या पुढच्या हंगामात अंतिम फेरीत. कारण डाव्या कोपऱ्यात अंकित जगलान उभा राहिला, आणि पुढं तोच पोरगा कर्णधार झाला. पलटणला २०२४ च्या हंगामात प्लेऑफही गाठता आली नाही हे खरं, पण त्या वर्षी त्यांचा कर्णधार, आपला श्रीरामपूरकडचा अस्लम इनामदार दुखापतीनं बाहेर बसला होता, तो विसरून सगळं खापर शादलूच्या जाण्यावर फोडता येत नाही. २०२५ ला पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती, शादलूशिवाय. आणि हरियाणात तो गेला तेव्हा शेजारी जयदीप आणि पलीकडच्या कोपऱ्यात राहुल सेठपाल आधीच मुरलेले होते. तयार घरात तो गेला.

म्हणून माणूस मोठा की छोटा यापेक्षा त्याची जागा कोण घेणार आणि शेजारी कोण उभा आहे, हे आधी बघायचं असतं. कबड्डीत हे इतर खेळांपेक्षा जास्त खरं आहे. गुणपत्रकावर पकड एकाच्या नावानं चढते, पण एकट्याची पकड फार थोडी असते. रेडर बोनसच्या जादा गुणासाठी उजवीकडं पाय टाकतो तेव्हा डाव्या कोपऱ्याची नजर त्याच्या मागच्या पायावर असते. तो वळला, वजन त्या पायावर आलं, की कोपरा खाली जाऊन घोटा धरतो. धरला म्हणजे झालं असं नाही. ताकदीचा रेडर घोट्यासकट कोपऱ्याला ओढत मध्यरेषेकडं निघतो. तेवढ्यात कव्हर, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा साथीदार, रेडरच्या अंगावर आला पाहिजे, तोही छातीनं, नुसता हात लावायला नाही. कव्हर क्षणभर उशिरा आला तर दोघंही बाद. तुमच्या मोबाइलवर यात्रेतल्या सामन्यांचे व्हिडिओ असतीलच. ते लावा आणि त्यानं किती पकडी केल्या हे मोजू नका, प्रत्येक पकडीत दुसरा कोण आला ते बघा. बहुतेक वेळा एकच पोरगा येत असेल. तो डावा कव्हर तुमच्या बचावाचा कणा आहे आणि त्याला आजवर कुणी मागितलेलं नाही. तो तुमच्याकडंच राहणार आहे.

आता रेडरच्या अदलाबदलीबद्दल. यात्रेपुरता येणारा माणूस संध्याकाळी मैदानात उतरतो, खेळतो, रात्रीच्या गाडीनं जातो. सरावाला नसतो. काळ्या मातीवर त्याचा पाय कसा पडतो हे ना त्याला माहीत असतं ना तुमच्या पोरांना. शिवाय तुमचं दुखणं बचावात आहे आणि औषध चढाईचं देतायत. व्यावसायिक संघात एक सोडून दुसरा घेणं जमतं, कारण वाचलेले कोटी लगेच लिलावात फिरवता येतात. मंडळाच्या हातात असं काही उरत नाही. एक खेळाडू गेला की मिळते ती फक्त मोकळी जागा. ती भरायची कशी, सगळा प्रश्न तिथंच आहे.

सही अडवून धरणाऱ्यांना एकच विचारतो. बावीस वर्षांच्या पोराला कागदावर अडकवून ठेवलं तर तो खेळेल कसा? कोपऱ्यावरचा माणूस जीव ओतून खाली गेला तरच घोटा मिळतो. मन दुसरीकडं असलेला माणूस उभ्यानंच हात घालतो आणि गुण देऊन बसतो. आणि खेळाचं सोडा, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या पातळीवरची प्रमाणपत्रं लागतात, यात्रेतल्या ढालींवर ते मिळत नाही. हे त्याच्या आईवडिलांना कुणी सांगितलंय का?

मात्र एक गोष्ट त्याच्याशी स्पष्ट बोला, कारण संभाजीनगरवाले ती सांगणार नाहीत. राज्य स्पर्धेत जिल्ह्याचे संघ उतरतात. तो आज परभणीच्या जिल्हा संघात असेल किंवा निवड चाचणीत अगदी जवळ असेल, तर जिल्हा बदलल्यावर नव्या ठिकाणी त्याच्या पुढं कोण कोपरे आहेत, हे विचारूनच त्यानं सही करावी. मोठ्या शहरातल्या राखीव बाकावर बसून गेलेलं वर्ष परत मिळत नाही. नुसत्या खोलीच्या आणि मानधनाच्या जोरावर निर्णय घेऊ नको म्हणावं. तिथं खेळायला मिळणार आहे का, हे लेखी नाही तर निदान प्रशिक्षकाच्या तोंडून ऐकून घ्यावं. मग खुशाल जावं, आणि तुम्ही हार घालून पाठवावं.

वयाचं म्हणाल तर हीच वेळ आहे. इराणचाच डावा कोपरा फजल अत्राचली घ्या. पाचशे पकडगुण पहिल्यांदा त्यानं गाठले, एके काळी १.६० कोटींना गेला, आणि लगेच पुढच्या लिलावात ५० लाखांवर आला. २०२५ ला दिल्लीकडून पुन्हा विजेता झाला हे त्याचं मोठेपण, पण बाजार कोपऱ्याचे गुडघे बघतो. मातीवर वर्षानुवर्षं डाइव्ह मारणाऱ्या पोराचे गुडघे तर आणखी लवकर बोलायला लागतात.

आता वर्गणी. मोठ्याला थांबवायला जे मानधन द्यायचं ठरवताय, ते धाकट्याला गावात ठेवायला वापरा. एकोणीस वर्षांचा पोरगा, डावा पाय पुढं टाकून उभा राहतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे कोपऱ्याचा पाया तयार आहे. कमी पडतंय ते एवढंच की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तो फडावर मोळ्या बांधत असतो. नेमका तोच तुमच्या स्पर्धांचा काळ. परत येतो तेव्हा अंगात ताकद असते पण कव्हरशी मेळ राहिलेला नसतो. घरच्यांना तो अर्ध्या कोयत्याची, म्हणजे जोडीतल्या एका माणसाची, कमाई देतो. तेवढी रक्कम मंडळानं घरात दिली, चार महिने रोज संध्याकाळी त्याला त्याच डाव्या कव्हरशेजारी उभं केलं, तर पुढच्या हंगामात तुमच्याकडं कोपरा असेल. मोठ्याला दिलेलं मानधन दर महिन्याला संपून जाईल, आणि वर्षभरानं दुसरा कुणी जास्त देणारा आला की पुन्हा हीच बैठक बसेल.

जाणाऱ्या पोराकडून एकच मागून घ्या. जायच्या आधीचे जितके आठवडे हातात आहेत तितके त्यानं धाकट्याला शिकवायचे. मागचा पाय कधी बघायचा, कधी नुसता दम देऊन मागं सरकायचं, दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईला रेडरला गुण काढणं भाग असतं तेव्हा अंगावर किती येऊ द्यायचं. हे तो नाही म्हणणार नाही, गावचंच लेकरू आहे.

यात अडचण एकच येऊ शकते. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घरात दसऱ्याच्या आधीच आलेली असते आणि एकदा ती घेतली की पोराला मागं ठेवणं घरच्यांच्या हातात राहत नाही. म्हणून सहीचा वाद चार दिवस बाजूला ठेवा, अध्यक्षांना घेऊन आधी त्या घरी जा आणि यंदाची उचल घेतलीय का, घेतली असेल तर त्यात पोराचा हिशेब धरलाय का, ते विचारून या. काय म्हणाले ते इथं कळवा, म्हणजे वर्गणी किती लागेल याचा अंदाज करता येईल.