टूडी इको आणि इको-टुरिझम: 'इको' एक की दोन?

तुम्ही विचारलंय, आईला बांबोळीच्या इस्पितळात टूडी इको, म्हणजे हृदयाची तपासणी, काढायला सांगितलाय, तर हृदयात कसला आलाय प्रतिध्वनी? आणि इको-टुरिझममधला इको तोच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं, देवनागरीत आणताना आपणच ते जुळे करून टाकले. टुरिझमच्या किंवा 'इको सेन्सिटिव्ह झोन'च्या इकोचं मूळ ग्रीक 'ओइकोस', म्हणजे घर. आवाजाचा इकोही ग्रीकच, पण घराशी त्याचं नातं नाही. त्यांच्या पुराणात या नावाची एक वनदेवी आहे. शापामुळे तिला दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे उच्चारता येत.

आईचा इको मात्र खरोखरच प्रतिध्वनी. छातीवर जेल लावून फिरवतात तो प्रोब आत ध्वनिलहरी सोडतो. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, या लहरी त्याच्या शंभरपट आणि त्याहूनही वर. हृदयाच्या भिंतींवर, झडपांवर आपटून परत येतात, त्यावरून पडद्यावर हलतं चित्र उमटतं. एक्स-रेसारखे किरण यात नसतात. मालीम जेटीवरच्या ट्रॉलरमधलं मासळी शोधायचं यंत्रही याच तत्त्वावर चालतं.

आता मराठीचं, मला खरी गोडी यातच. कड्यावरून परतलेली हाक हा प्रतिध्वनी. तो सुटा ऐकू यायला कडा निदान १७ मीटर लांब हवा, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि दोन आवाज वेगळे कळायला कानाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलसारख्या वास्तूत परतणारे असंख्य आवाज एकमेकांत मिसळतात. त्याला प्रतिध्वनी म्हणू नये, तिथे आवाज 'घुमतो'. आणि पर्वरीला गोव्याच्या विधानसभेत उमटतात ते 'पडसाद'. हा शब्द संस्कृत 'प्रतिशब्द'वरून प्राकृतातून घासत आला. पडछाया, पडजीभ यांतला 'पड' तोच 'प्रति', आणि प्रतिपदेचा पाडवाही त्याच वाटेचा. बातमीत 'निर्णयाचे प्रतिध्वनी उमटले' वाचलं की मला खडा लागल्यासारखं होतं.

जत्रेच्या नाटकात साउंडवाल्याला 'इको कमी कर रे' म्हणतात, तिथे मराठी शब्द सुचवायला जाऊ नका, कोणी ऐकणार नाही. फोनवर 'इको येतोय' हेही रुळलंय. टूडी इकोचंही भाषांतर नको. 'द्विमितीय प्रतिध्वनी' म्हणालात तर काउंटरवरचा माणूस तुमच्याकडेच बघत राहील.

आणि हो, नेहमीच्या, छातीवरून काढायच्या इकोला सहसा उपाशी राहावं लागत नाही. आईला पेज देऊनच न्या, जुने रिपोर्ट तेवढे बरोबर घ्या.