फ्लॅप अजून खाली न्यावेत का?

प्रश्न: मी आणि भावाने घरी बांधलेलं दोन सीटचं हाय-विंग (पंख वर असलेलं) विमान आता उडतंय. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या पट्ट्या) साधे, हाताच्या लिव्हरवर, १०, २० आणि ३० डिग्री अशा तीन खाचा. अप्रोचला (उतरायला खाली येताना) ५८ नॉट ठेवतो, पण फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक वर घेताना) विमान तरंगत लांब जातं, बसतच नाही. चौथी खाच पाडून ४५ डिग्री केलं तर हळू उतरता येईल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: खाच पाडायची घाई करू नका. विमान तरंगतंय म्हणजे स्पीड जास्त आहे, फ्लॅप कमी आहेत असं नाही. साध्या फ्लॅपमध्ये लिफ्टचा (वर उचलणाऱ्या बलाचा) फायदा बहुतेक पहिल्या दोन खाचांतच मिळून जातो, पुढे मुख्यतः ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, त्यामुळे ४५ ला उतार तीव्र होईल पण स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो वेग) फारसा खाली येणार नाही. शिवाय नाक खाली ढकललं जाऊ शकतं, दोघं बसलेले असताना फ्लेअरला एलिव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) पुरेल का हा प्रश्न, आणि गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) करायची वेळ आली तर इंजिन तो ड्रॅग ओढेल का हा दुसरा. सेसना १७२ चे फ्लॅपसुद्धा आधी ४० पर्यंत जायचे, १९८१ च्या १७२ पी पासून कंपनीने ते ३० वर आणले.

तर आधी स्टॉल स्पीड काढा. चार-पाच हजार फुटांवर, पॉवर आयडल, फुल फ्लॅप, सेकंदाला एक नॉट या वेगाने स्पीड कमी करत जा आणि आकडा लिहून ठेवा. अप्रोचला स्टॉलच्या १.३ पट स्पीड धरतात; समजा खरा स्टॉल ३८ ला आला, तर त्याच्या १.३ पट म्हणजे साधारण ५० नॉट, आणि तुम्ही येताय ५८ ने! ५० च्या तुलनेत ५८ ला सुमारे ३५ टक्के जास्त एनर्जी असते, तीच तुम्हाला तरंगवतेय. मात्र इथे सांभाळायचंय, नाक वर असताना पिटोट (स्पीड मोजणारी, समोरून हवा घेणारी नळी) बहुतेक वेळा कमी दाखवतो, म्हणजे खरे ३८ असताना मीटरवर ३४ दिसले आणि त्यालाच १.३ ने गुणलं तर ४४ येतं, ते धोक्याचं आहे. म्हणून खारे वारे सुटायच्या आत, सकाळी लवकर, स्टॉलच्या जरा वर एकच स्पीड धरून समोरासमोरच्या दोन दिशांना उडा, जीपीएसची सरासरी घ्या, उंची आणि तापमानाचा फरक त्यातून काढा आणि मीटर किती चुकतोय ते बघा. आणि हे सगळं फुल वजनावर परत करा, वजन १० टक्के वाढलं तर स्टॉल साधारण ५ टक्क्यांनी वाढतो.

आता फ्लॅप स्वतः तपासा. डिजिटल अँगल गेज फ्लॅपवर ठेवून प्रत्येक खाचेला डावी-उजवी बाजू मोजा, लिव्हरवर ३० लिहिलंय म्हणून फ्लॅप ३० लाच जातो असं नसतं, बऱ्याचदा २६-२७ च निघतात. दोन्ही बाजूंत फरक असेल तर विमान एका अंगाला कलतं आणि ते कमी स्पीडला जास्त जाणवतं. पुशरॉडचा (फ्लॅप ढकलणाऱ्या दांड्याचा) चेकनट (जागा पक्की करणारा नट) सैल करून रॉड-एंड (दांड्याच्या टोकाचा आट्यांचा सांधा) अर्धा-अर्धा फेरा फिरवा, नंतर रॉडच्या भोकातून बारीक तार घालून बघा, तार आरपार गेली तर आटे कमी धरलेत, तसं उडायचं नाही. देवगडच्या हवेत रॉड-एंडचं स्टील फार लवकर गंजतं, तो हाताने मोकळा फिरतोय ना आणि पियानो हिंजची (लांब पट्टीसारख्या बिजागरीची) पिन जाम नाही ना हे दर वेळी बघाच.

दुपारी कातळावरून आडवा, झोत मारणारा वारा असेल तेव्हा मी २० वरच थांबेन, आणि झोत वाऱ्यापेक्षा जेवढा जास्त त्याच्या निम्मा स्पीड वाढवून येईन. हवा शांत असेल तर तुमचे ३० डिग्री पुरेसे आहेत.

एवढं करूनही ४५ हवंच असेल तर आधी डिझायनरला विचारा, हिंज आणि टॉर्क ट्यूबवर (फ्लॅप फिरवणाऱ्या नळीवर) येणारा लोड त्यांनाच माहीत असतो. बदल कागदावर घेऊन डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीत काय अटी आहेत तेही बघून घ्या. आणि स्टॉलचे आकडे हातात आले की मला नक्की कळवा, दोन्ही वजनांचे.