लागोस की सोहार? आकडा बघण्याआधी चलन बघ

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: घर गुहागर तालुक्यात, मेकॅनिकलचा डिप्लोमा, लोट्याला एमआयडीसीत मेंटेनन्सचा अनुभव आणि हातात दोन ऑफर. एक नायजेरियातल्या लागोसची, प्लॅस्टिकच्या कारखान्यात, महिना ‘1500 डॉलर समतुल्य’. दुसरी ओमानमधल्या सोहारची, महिना 350 रियाल. वडील म्हणतात जास्त पैसा असेल तिकडे जा, आई म्हणते जिथे दंगेधोपे नाहीत तिकडे जा. तुला विचारायचंय की दंगल झाली, चलन पडलं, तर आपलं काय होतं?

मी खाडीच्या अलीकडची, दाभोळकडची. लग्नानंतर बरीच वर्षं लागोसला काढली. तिथे एका भारतीय मालकाच्या कंपनीत हिशेब आणि पगारपत्रकं बघत होते. 2024 साली आम्ही मस्कतला आलो. म्हणजे तुझ्या दोन्ही ऑफरींचे देश मी पगाराच्या बाजूने पाहिलेत. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. ‘राजकीय गडबड’ आणि ‘चलनाची घसरण’ हे दोन वेगळे धोके आहेत असं घरी बसून वाटतं. परदेशात राहणाऱ्यासाठी ते बहुतेक वेळा एकत्रच येतात. ज्या आठवड्यात रस्ते बंद होतात, त्याच आठवड्यात बँक बंद होते, डॉलर मिळेनासा होतो आणि विमानाचं तिकीट दुप्पट होतं. त्यामुळे पगार किती, याआधी तीन प्रश्न विचारायचे. तो कोणत्या चलनात ठरलाय, कुठल्या देशातल्या खात्यात पडतो आणि तिथून तो किती दिवसांत बाहेर काढता येतो.

तुझ्या लागोसच्या पत्रातला ‘समतुल्य’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. समतुल्य कुठल्या दराने? सही केलेल्या दिवशीच्या, की दर महिन्याच्या? सरकारी दराने, की बाजारातल्या? नायजेरियात हे दोन दर वर्षानुवर्षं वेगळे होते. तेलाचे भाव पडल्यावर 2015 पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने डॉलर 199 नायराच्या (नायरा म्हणजे तिथलं चलन) आसपास धरून ठेवला. 2016 च्या जूनमध्ये तो सोडावा लागला, मग सरकारी दर 305 च्या आसपास बसला. पण 2017 च्या सुरुवातीला रस्त्यावरचे अबोकी, म्हणजे तिथले चलन बदलणारे, डॉलरला 500 च्या घरात मागत होते. सरकारी दराने डॉलर मिळायचा म्हणजे बँकेत अर्ज करून थांबायचं. कागदावर तुमचा पगार हजार डॉलर, हातात मात्र नायराची थप्पी, जी भारतात पाठवताच येत नाही.

मग 2023. मे महिन्याच्या शेवटी नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू आले, त्यांनी पहिल्याच भाषणात पेट्रोलचं अनुदान संपल्याचं सांगितलं आणि जूनमध्ये नायरा मोकळा सोडला, म्हणजे दर बाजारावर सोपवला. 460-470 चा दर काही आठवड्यांत 750 च्या पुढे गेला आणि 2024 च्या फेब्रुवारीत 1500 ओलांडून गेला. आता हिशेब कर. ज्याचा पगार करारात 4,60,000 नायरा लिहिलेला होता, त्याचे 2023 च्या मे महिन्यात हजार डॉलर होत होते. आठ-नऊ महिन्यांनी तेवढ्याच नायराचे जेमतेम तीनशे. मालकाने एक नायराही कापला नव्हता. माझ्यासमोर अशी माणसं बसायची, कोणी मिरजेचा, कोणी वापीचा, आणि विचारायची, ‘मॅडम, घराचा हप्ता कसा भरू?’ ज्यांचा पगार डॉलरमध्ये ठरून थेट भारतातल्या खात्यात पडत होता आणि फक्त जेवणखाण्यापुरते नायरा तिथे मिळत होते, त्यांना महागाईचा त्रास झाला, पण भारतातलं घर डगमगलं नाही. एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर काम करणारी ही माणसं. फरक फक्त पत्रातल्या एका ओळीचा.

आणि याचं पुढचं टोक रस्त्यावर आलं. महागाई असह्य झाली, तेव्हा 2024 च्या ऑगस्टमध्ये देशभर लोक मोर्चे घेऊन बाहेर पडले. चलन पडणं आणि लोक उठणं यांचा संबंध असा सरळ असतो. त्यांचा राग परदेशी माणसावर नव्हता, हे मुद्दाम सांगते. लागोसच्या लोकांनी आम्हाला फार माणुसकीने वागवलं. आमच्या शेजारच्या योरुबा आजींनी कर्फ्यूत माझ्या मुलासाठी दूध पाठवलं होतं, हे मी कधी विसरणार नाही.

तो कर्फ्यू 2020 च्या ऑक्टोबरचा. पोलिसांच्या एका कुप्रसिद्ध पथकाविरुद्ध तरुणांचं आंदोलन चालू होतं, 20 तारखेला लागोस राज्यात चोवीस तासांचा कर्फ्यू लागला आणि त्या रात्री लेक्कीच्या टोलनाक्यावर गोळीबार झाला. आम्ही लागोसच्या इलुपेजू भागातल्या आमच्या कंपाऊंडमध्ये अडकलो. बँका बंद, पगार अडकलेला. तेव्हा उपयोगाला काय आलं तर जनरेटरपुरतं डिझेल, टाकीतलं पाणी, दोन आठवड्यांचा तांदूळ-डाळ आणि घरात ठेवलेली थोडी रोख. कार्ड निरुपयोगी होतं. 2023 च्या फेब्रुवारीत तर दंगल नसतानाही रोख मिळेना, कारण निवडणुकीच्या तोंडावर 200, 500 आणि 1000 च्या नोटा बदलायला काढल्या आणि नव्या पुरेशा छापल्याच नव्हत्या. एटीएमसमोर रांगा, काही शहरांत बँकांवर दगडफेक. म्हणून लागोसला गेलास तर दोन महिन्यांचा खर्च तिथे ठेव. त्याहून जास्त नायरा साठवू नकोस, व्याज कितीही दिसलं तरी.

आता सोहार. ओमानी रियाल 1986 पासून डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे जवळजवळ 2.60 डॉलर. तुझे 350 रियाल म्हणजे 910 डॉलर. डॉलर नव्वद रुपये धरला तर साधारण 82 हजार रुपये. लागोसचे 1500 डॉलर खरोखर डॉलर असले तर 1 लाख 35 हजार. वडिलांचा ओढा कुठे आहे ते मला कळतं.

पण बांधलेला दर म्हणजे तुझं उत्पन्न रुपयांत पक्कं, असं समजू नकोस. हलतो तो रुपया. 2008 च्या सुरुवातीला डॉलर 39 रुपयांच्या आसपास उतरला होता, म्हणजे रियालला जेमतेम 102 रुपये. माझे मामा तेव्हा मस्कतला होते आणि दापोलीजवळ चिऱ्याचं घर बांधत होते. पगार तोच, ओव्हरटाइम तोच, पण दर महिन्याला गवंड्याला द्यायला पैसे कमी पडायला लागले. पुढे 2013 च्या ऑगस्टमध्ये डॉलर 68 च्या पुढे गेला, रियालला 178-179 रुपये झाले आणि आखातातल्या एक्स्चेंजबाहेर रांगा लागल्या. काहींनी तिथल्या बँकेतून कर्ज काढून पैसे भारतात पाठवले, दर चांगला मिळतोय म्हणून. असलं काही करू नकोस. नोकरी गेली तर ते कर्ज तिथेच फेडावं लागतं आणि फेडल्याशिवाय देश सोडता येणं कठीण होतं. रुपया नेहमी पडतच राहील असं धरून कलमांची बाग किंवा फ्लॅट घेऊ नकोस. घरखर्चाचे पैसे ठरलेल्या तारखेला पाठव, दराची वाट बघत बसू नकोस.

ओमानमध्ये गडबड होत नाही असंही नाही, आणि तू जातोयस ते सोहारच त्याचं ठिकाण होतं. 2011 च्या फेब्रुवारीत तिथल्या चौकात तरुण उतरले, बंदराकडे जाणारा रस्ता अडवला, गोळीबारही झाला. मागणी होती नोकऱ्यांची. ओमानचे तेव्हाचे सुलतान काबूस यांनी 50,000 नोकऱ्या देण्याचा आदेश काढला. 2021 च्या मे महिन्यात सोहारमध्ये पुन्हा नोकऱ्यांसाठीच लोक जमले. अशा आंदोलनाची झळ आपल्याला दगडातून बसत नाही, व्हिसातून बसते. 2018 च्या जानेवारीत ओमानने 87 प्रकारच्या कामांसाठी परदेशी लोकांचे नवे व्हिसा थांबवले. आधी सहा महिन्यांसाठी, मग मुदत वाढत गेली. तुझ्या पत्रात पदाचं नाव काय लिहिलंय ते बघ, आणि ते पद पुढे ओमानी माणसासाठी राखीव होऊ शकतं का, हे तिथे काम करणाऱ्या कोणालातरी विचार. माझ्या मते आखातात तुझ्यासारख्यासाठी खरा धोका हा आहे.

युद्धाचं म्हणशील तर 2025 च्या 23 जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा कतार, बहरीन, कुवेत, अमिरात यांचं आकाश काही तासांसाठी बंद झालं. काही तासांचं बंद, पण विमानतळांवर माणसं दोन-दोन दिवस बसून होती.

कुवेतची गोष्ट तुझ्या गावातही कोणी ना कोणी सांगेल. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतलं. आमच्या वाडीतले एक काका बगदादवरून अम्मानला आले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या दोन महिन्यांत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय असे आणले गेले. कुवेतचा जो दिनार जगात महागड्यांपैकी एक होता, तो इराकने आधी स्वतःच्या स्वस्त दिनाराच्या बरोबरीला आणला आणि मग बादच केला. ज्यांनी दर महिन्याला घरी पैसे पाठवले होते, त्यांचं घर राहिलं. ज्यांनी मालकाकडे किंवा तिथल्या बँकेत साठवले होते, ते हात हलवत आले. पुढे काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भरपाई दिली. देश सोडावा लागला म्हणून ठरावीक रक्कम होतीच, पण पगार आणि बचत बुडाल्याच्या मोठ्या दाव्याला पुरावा लागत होता. काकांकडे करार आणि पगाराच्या पावत्या होत्या, काकूंनी त्या ट्रंकेत जपल्या होत्या. म्हणून करार, पासपोर्ट, व्हिसा, प्रत्येक महिन्याची पगारपावती, सगळ्याचे फोटो काढून घरी पाठवत जा. पासपोर्ट स्वतःकडे ठेव, मालकाने मागितला तरी.

पैसा भारतात कुठे ठेवायचा, तेही सांगते. जाण्याआधी बँकेत एनआरई खात्याची, म्हणजे परदेशात कमावणाऱ्या भारतीयांसाठीच्या खात्याची, चौकशी कर. त्यातली रक्कम पुन्हा परदेशात नेता येते आणि व्याजावर भारतात कर नाही. पण ते खातं रुपयांत असतं. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर एफसीएनआर ठेव आहे, एक ते पाच वर्षांची, रुपया हलला तरी मुद्दल तेवढंच राहतं. घरच्या गरजा एनआरईतून भागव, जादा शिल्लक एफसीएनआरमध्ये टाक. हुंडीने पाठवू नकोस. तो गुन्हा आहेच, शिवाय गडबड झाली की पहिला गायब होतो तो हुंडीवाला.

घरच्यांना खात्यावर व्यवहाराचा अधिकार देऊन जा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घराचे पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या, दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. मी लागोसला, कोरोनामुळे विमानं बंद. त्या दिवशी माझ्या लागोसच्या खात्यातल्या पैशाचा बाबांना काही उपयोग नव्हता. गावच्या बँकेत बाबांच्या नावावर जे पैसे होते, त्यातूनच पत्रे आले.

आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही: नोकरी सोडताना मिळणारी रक्कम. ती वर्षानुवर्षं साठत जाते आणि तिचंही चलन असतं. लागोसला ती नायरात असेल तर पाच वर्षांनी हातात काय उरेल, याचा अंदाज वरच्या आकड्यांवरून कर. ओमानमध्ये 2023 च्या कामगार कायद्याप्रमाणे वर्षाला एका महिन्याचा मूळ पगार मिळतो. मूळ, एकूण नाही. तुझ्या 350 पैकी मूळ किती, हे पत्रात वेगळं लिहून घे.

मी तुझ्या जागी असते तर लागोसला आधी लिहिलं असतं: निदान दोन तृतीयांश पगार डॉलरमध्ये ठरवून दर महिन्याला थेट भारतातल्या खात्यात जमा करा, उरलेला नायरात त्या-त्या महिन्याच्या बाजारदराने द्या, नोकरी सोडतानाची रक्कम डॉलरमध्ये आणि गडबड झाली तर परतीचं तिकीट कंपनीचं. हे लेखी मान्य केलं तर लागोसला जा, दोन-तीन वर्षांत तुझा हात चांगला बसेल आणि पैसाही उरेल. तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणाले, तर सोहार घे. तिथे पैसा कमी आहे, पण जो आहे तो पहिल्या तारखेला किती असेल हे तुला ठाऊक असेल.

सोहारसाठी एजन्सी ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या भारत सरकारच्या संकेतस्थळावर, नोंदलेली आहे ना, ते तपास. लागोस ठरलं तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावर जाण्याआधी किमान दहा दिवस घे आणि तो पिवळा दाखला पासपोर्टसोबतच ठेव. 2023 मध्ये सुदानमधून सुटून आलेल्यांपैकी ज्यांच्याकडे हा दाखला नव्हता, त्यांना घरी जाण्याआधी विलगीकरणात राहावं लागलं होतं. दोन्ही पत्रांतला पगाराचा परिच्छेद जसाच्या तसा मला पाठव, मी बघून सांगते.