पाण्याचं नियमन, विनियमन की नियंत्रण?

नाशिकच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. त्या कायद्याच्या विषयात मराठीतून प्रबंध लिहीत आहेत. विषय आहे गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातलं पाणीवाटप आणि त्यावरचं 'रेग्युलेशन'. त्या लिहितात, "एका कायद्यात विनियमन दिसतं, दुसऱ्यात नियमन, आणि माझे मार्गदर्शक म्हणतात की सरळ नियंत्रण लिहा, लोकांना कळेल. शीर्षकात कोणता शब्द घालू? शिवाय 'इक्विटी'साठी मी समन्याय लिहिलं होतं. हा शब्द कोशातच बरा, तिथे समता लिहा, असं मला सांगण्यात आलं. तुम्हाला काय वाटतं?"

ताई, मराठीतून कायद्याचं संशोधन करायला घेतलंत याचाच मला फार आनंद झाला. उत्तर जरा लांबेल, कारण तुमच्या प्रश्नात एक नव्हे, तीन शब्दांचं भांडण आहे.

आधी कुळ पाहू. नियम, नियमन, नियामक, नियंता, विनियम हे सगळे 'यम्' या धातूचे. यम् म्हणजे धरणं, आवरणं, लगाम खेचणं. संयम त्यातलाच, व्यायाम आणि प्राणायामही त्यातलेच. इतकंच काय, यंत्र हा शब्दही याच धातूपासून निघाला, आणि यंत्रापासून यंत्रणा व नियंत्रण. (हीच यंत्रणा बंगालीत गेली की तिचा अर्थ वेदना होतो. शब्द शेजारच्या घरी कसे वागतात ते पाहण्यासारखं असतं.) म्हणजे व्युत्पत्तीच्या जोरावर नियमन बरोबर आणि नियंत्रण चूक असा निकाल देता येत नाही, सगळे एकाच आईचे. निकाल वापरावरून द्यावा लागेल.

वापरात काय दिसतं? कायद्यांची नावंच समोर ठेवू. बाजार समित्यांचा कायदा म्हणजे महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३. सावकारांवरचा कायदा आहे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. तुमच्या पाण्याचं आहे ते महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, २००५ च्या कायद्याने आलेलं. वीज पाहणारा तो विद्युत नियामक आयोग. आणि बांधकामाकडे वळलात तर २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला नाशिकचे बिल्डर आणि आर्किटेक्ट युडीसीपीआर म्हणून मोकळे होतात. इथे इंग्रजी 'रेग्युलेशन्स'ची नियमावली झाली आणि नियंत्रण हा शब्द 'कंट्रोल'साठी खर्ची पडला. एकाच राज्याच्या कारभारात एका इंग्रजी शब्दाला तीन-चार मराठी शब्द, म्हणून तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे.

या गोंधळाचं मूळ इंग्रजीतच आहे. 'रेग्युलेशन' हा एकच शब्द तिथे दोन कामं करतो. एक म्हणजे कृती: एखादा व्यवहार मर्यादेत, वळणावर, शिस्तीत ठेवण्याचं चालू काम. दुसरं म्हणजे कागद: कायद्याने अधिकार दिलेल्या संस्थेने केलेलं, राजपत्रात छापलेलं, कलमं असलेलं लिखित. मराठीला ही दोन कामं दोन शब्दांत वाटण्याची सोय आहे. ती सोडून देणं मला करंटेपणाचं वाटतं. कागदाला विनियम म्हणा, कृतीला नियमन म्हणा.

विनियम या शब्दाला कायद्यात पक्की जागा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दात काय काय मोडतं ते सांगितलं आहे. तिथे अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना, रूढी असे सगळे वेगवेगळे मोजलेले आहेत. नियम आणि विनियम यांतला फरक बहुतेक आधुनिक कायद्यांत असा असतो की नियम सरकार करतं आणि विनियम ती संस्था करते. २००३ च्या विद्युत अधिनियमात कलम १८० राज्य सरकारला नियम करण्याचा अधिकार देतं आणि लगेच पुढचं कलम १८१ राज्य आयोगाला विनियम करण्याचा. असे विनियम म्हणजे संस्थेची घरगुती टिपणं नव्हेत, त्यांना कायद्याचं बळ असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सुखदेव सिंग खटल्यात सांगितलं. विद्यापीठात तर हा जिना आणखी उंच आहे: अधिनियम, परिनियम, अध्यादेश, विनियम. तेव्हा प्रबंधात नियम आणि विनियम एकमेकांच्या जागी टाकू नका. कायदा वाचणारा परीक्षक तिथेच पेन्सिल टेकवेल.

एक धोका मात्र आवर्जून सांगतो. विनियम आणि विनिमय. दोन अक्षरांची अदलाबदल आणि अर्थ पार पलीकडे. विनिमयात यम् नाही, तिथे देवाणघेवाणीचा 'मे' धातू आहे. वस्तुविनिमय, विचारविनिमय यांतला तो. मी बरीच वर्षं कायद्याच्या कागदांची भाषांतरं केली आहेत आणि ही चूक इतक्यांदा दुरुस्त केली आहे की आता बोटं आपोआप थांबतात. सेबीचं नाव पाहा: भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ. आणि हे विनिमय मंडळ जे काढतं ते विनियम! तुमच्या विषयात तर ही चूक महागात पडेल, कारण २००५ च्या त्या कायद्यात पाण्याचे ठरलेले वाटे वर्षापुरते किंवा हंगामापुरते दुसऱ्याला देण्याची, अदलाबदल करण्याची, विकण्याचीही तरतूद आहे. म्हणजे 'पाण्याचा विनिमय' हाही तुमच्या प्रबंधात खराखुरा, वेगळा विषय असू शकतो. टंकताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर वाचणारा तुम्ही पाणीबाजाराबद्दल बोलताय असं समजेल आणि त्याची चूकही नसेल.

आता विनियमन. कृतीसाठी हा शब्द चूक नाही, १९६३ च्या कायद्याच्या नावात तो बसलेलाच आहे. पण लोकांनी तो घेतला का? २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या बंधनातून बाहेर काढला, अडत म्हणजे अडत्याचं कमिशन शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये कांद्याचे लिलाव बंद पडले. तेव्हाची वर्तमानपत्रं आठवा. मथळ्यात शब्द कोणता होता? नियमनमुक्ती. कायद्याच्या नावात विनियमन असूनही 'विनियमनमुक्ती' कोणी लिहिलं नाही, आणि निफाड-चांदवडकडचा शेतकरी 'माल नियमनमुक्त झालाय म्हणे' असं सहज बोलत होता. बोलणाऱ्याने 'वि' गाळला आणि अर्थ काडीइतकाही कमी झाला नाही. एवढी परीक्षा मला पुरते.

मार्गदर्शकांनी सुचवलेल्या नियंत्रणाबद्दल मात्र मी ठाम आहे: नको. तो शब्द सोपा आहे यात शंका नाही, पण तो तुमच्या संशोधनाचा अर्थच बदलेल. नियंत्रणात एक हात वर असतो आणि बाकीचे खाली. मराठीला हा फरक शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत जे केंद्र सुरू केलं ते संततिनियमनाचं. इंग्रजीत त्या कामाला 'कंट्रोल' म्हणत होते, मराठीत रुजला तो नियमन. जोडप्याने आपल्या विचाराने आपल्याला लावून घेतलेली मर्यादा, वरून कोणी लादलेली नव्हे, हे त्या एका शब्दाने बरोबर पेललं.

आणि तुमच्या शास्त्रातला आजचा विचारही याच बाजूला झुकलेला आहे. गेल्या तीन-चार दशकांत रेग्युलेशनवरचं संशोधन 'सरकार हुकूम सोडतं, लोक पाळतात' या चित्रापासून बरंच दूर आलं आहे. इयन एअर्स आणि जॉन ब्रेथवेट यांनी १९९२ मध्ये मांडलेला मनोरा तुम्ही वाचला असेलच: तळाशी समजावणं, मग इशारा, मग दंड, आणि अगदी टोकाला परवाना रद्द करणं. बहुतेक काम तळाशीच व्हावं, टोकाची वेळ क्वचित यावी. याला मी प्रतिसादी नियमन म्हणेन, समोरचा कसा वागतो त्याला प्रतिसाद देत चढणारं किंवा उतरणारं. पुढे ज्युलिया ब्लॅक यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की नियमन करणारा केंद्रस्थानी बसलेला एकटा सरकारी अधिकारी नसतोच, ते काम व्यवसाय, संघटना, समाज यांच्यात विखुरलेलं असतं. या विचाराला 'नियंत्रण' हे नाव दिलंत तर सगळ्या मांडणीवर बोळा फिरेल. 'विनियमन' दिलंत तर वाचणारा लिखित विनियम शोधू लागेल, आणि जिथे ते नाहीत तिथे नियमनही नाही असं धरून चालेल.

असं धरणं आपल्याच जिल्ह्यात किती खोटं ठरतं ते पाहा. बागलाणात मोसम नदीवर फड पद्धत पिढ्यान् पिढ्या चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, कोणत्या फडात यंदा कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी द्यायचं ते पाटकऱ्याने. शेताच्या मालकाने स्वतः पाणी वळवायचं नाही. कुठल्या राजपत्रात विनियम छापलेले नव्हते, पण नियमन होतं आणि पाटकरी हा नियामक होता. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी कालव्याच्या पाण्याचा कारभार आपल्या हाती घेतला, तेही नियमनच, आणि तिथे तर शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या अधिनियमाचा आधार पुढे येऊन मिळाला. आधी वागणूक, मागाहून कायदा. हे सगळं सामावून घेणारा शब्द तुमच्या शीर्षकात हवा, आणि तो नियमन.

आता समन्याय. इथे मी तुमच्या बाजूने आणखी जोरात बोलणार आहे.

हा शब्द कोशातच राहिला असं म्हणणाऱ्याने ऑक्टोबर महिन्यात नाशिकमध्ये चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहावं. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, या २०१४ साली ठरलेल्या सूत्रावरून इथे दर तुटीच्या वर्षी वातावरण तापतं. गंगापूर, दारणा, पालखेडचं पाणी जाणार म्हणून इकडचे अस्वस्थ, पाणी हक्काचं म्हणून मराठवाड्याचे अस्वस्थ. या भांडणाचं नाव काय? समन्यायी पाणीवाटप. द्राक्षबागायतदार बोलतो, आमदार बोलतात, मोर्चाच्या फलकावर लिहिलेलं असतं. प्राधिकरणाचा १९ सप्टेंबर २०१४ चा आदेशही याच तत्त्वावर उभा आहे. कायद्याच्या परिभाषेतला शब्द इतका खोल लोकांत उतरल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

समता लिहिलंत तर काय बिघडेल? समान वाटा आणि समन्यायी वाटा यांत तर सगळं भांडण आहे. प्रत्येक धरणाला सारखं पाणी म्हणजे समान वाटप. कुठे किती पाऊस झाला, कुठे किती साठलं, कोणाची तूट किती, हे पाहून तुटीचा भार वाटणं म्हणजे समन्यायी वाटप. समता हा फार मोठा आणि मोलाचा शब्द आहे. ज्या शहरात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तिथे तो हलक्या हाताने वापरूच नये. माणसांच्या दर्जासाठी समता, वाटपाच्या रीतीसाठी समन्याय, अशी जागा दोघांना द्या.

न्याय या शब्दाची घडणही इथे कामाला येते. पाणिनीने तो 'नि' अधिक 'इ' म्हणजे जाणे असा साधला आणि अर्थ दिला अभ्रेष, म्हणजे योग्य वाटेवरून न ढळणं. त्याला 'सम' जोडलं की सगळ्यांकडे सारख्या नजरेने पाहत वाट न सोडणं असा अर्थ निघतो. 'इक्विटी'ला याहून जवळचं काय असणार? शिवाय आपल्या इलाख्यात ही कल्पना जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्येच न्यायाधीशांना सांगितलं होतं की कायदा नाही, रूढी नाही, प्रतिवादीचा स्वतःचा धर्मकायदाही लागू होत नाही, तर न्याय, समन्याय आणि सदसद्विवेकबुद्धी यांवर निवाडा करा. योगायोग असा की ते 'रेग्युलेशन' आजच्या अर्थाने विनियम नव्हतंच. तेव्हा इलाख्याच्या कायद्यांनाच रेग्युलेशन म्हणत, 'ॲक्ट' हे नाव १८३३ नंतर आलं. तुम्ही जुने दस्तऐवज उद्धृत करणार असाल तर तिथे 'रेग्युलेशन' हाच शब्द देवनागरीत ठेवा, त्याचं विनियम करू नका.

तेव्हा शीर्षक मी असं सुचवेन: 'ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील पाण्याचे नियमन आणि समन्यायी वाटप'. 'ऊर्ध्व' जड वाटला तर 'वरच्या गोदावरी खोऱ्यातील' लिहा, काही अडत नाही. कायद्याचं नाव जसंच्या तसं देताना विनियमन असेल तर विनियमनच ठेवा, ते आपण बदलू शकत नाही.

आणि एक विनंती. बागलाणात किंवा ओझर-दिंडोरीकडे मुलाखतींना जाल तेव्हा शेतकऱ्यांना 'तुमच्याकडे नियमन कसं होतं' असं विचारू नका. पाळी कोण लावतं, दारं कोण धरतं, आवर्तन कोणी ठरवलं, असं विचारा, आणि ते ज्या शब्दात सांगतील तो शब्द तसाच टिपून घ्या. दारं धरणं म्हणजे फावड्याने वाफ्याचं तोंड उघडणं आणि भरला की बुजवणं. पाटकऱ्याकडचे असे आणखी शब्द सापडले तर मला जरूर कळवा. फड पद्धतीतले माझ्या वहीत अजून फार थोडे आहेत.